ई बाय एम: इलेक्ट्रॉनचं वर्तुळ आणि त्याची त्रिज्या

चुंबकीय क्षेत्रात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनवरचं बल कायम त्याच्या वेगाला काटकोनात असतं. म्हणून त्याची चाल बदलत नाही, फक्त दिशा वळत राहते, आणि मार्गाचं वर्तुळ होतं. बीएस्सीच्या प्रयोगशाळेतल्या फाइन बीम ट्यूबमध्ये हे वर्तुळ डोळ्यांनी दिसतं: नळीत अगदी कमी दाबाचा हेलियम असतो आणि इलेक्ट्रॉन आदळले की तो हिरवट उजळतो. या वर्तुळावरून इलेक्ट्रॉनचा प्रभार भागिले वस्तुमान, म्हणजेच ई बाय एम (ई/एम), काढायचं असतं. अपेक्षित उत्तर १.७६ × १०^११ कूलोम प्रति किलोग्रॅम.

सूत्र: ई/एम = २ × इलेक्ट्रॉनला वेग देणारं व्होल्टेज ÷ (क्षेत्राचा वर्ग × त्रिज्येचा वर्ग). यातले दोन वर्ग नीट पाहा, कारण बहुतेक चुका तिथेच दुप्पट होतात. त्रिज्या ४५ मिमी असताना १ मिमी चुकला, तर उत्तर साधारण साडेचार टक्क्यांनी चुकतं.

वायर जोडण्याआधी हेल्महोल्ट्झ कॉइलचा (नळीच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेल्या, क्षेत्र देणाऱ्या दोन सारख्या कॉइलच्या जोडीचा) अक्ष पूर्व-पश्चिम करून घ्या. महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ०.०४ मिलिटेस्ला आहे. अक्ष उत्तर-दक्षिण राहिला तर तो कॉइलच्या क्षेत्रात सरळ मिळवला किंवा वजा केला जातो, आणि १.२ मिलिटेस्लाच्या आसपास काम करताना उत्तर सहा-सात टक्के सरकतं. काटकोनात ठेवला तर क्षेत्राचं माप जवळपास बदलत नाही. दिशा होकायंत्राने बघा, पण कॉइलचा प्रवाह बंद ठेवून. लोखंडी स्टूल, स्पीकर, दुसऱ्या प्रयोगाचे चुंबक टेबलापासून लांब ठेवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवावं लागलं होतं, आणि तिथली वेधशाळा १९०४ पासून आहे. आजूबाजूचे प्रवाह आणि लोखंड किती त्रास देतात, ते यावरून कळावं.

आता फिलामेंटला (नळीतल्या तापवायच्या तारेला) ६.३ व्होल्ट द्या आणि दोन मिनिटं तापू द्या. थंड फिलामेंटवर अ‍ॅनोडचं (इलेक्ट्रॉनला वेग देणाऱ्या धन टोकाचं) व्होल्टेज चढवू नका, कॅथोडचं (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाचं) आयुष्य घटतं. मग अ‍ॅनोडला २५० व्होल्ट द्या. या टप्प्यावर उघड्या टर्मिनलला हात नको. सरळ किरण दिसला की कॉइलचा प्रवाह सावकाश वाढवा. खोलीत अंधार हवाच.

१३० वेढे आणि १५ सेंमी त्रिज्येच्या कॉइलजोडीत दर अँपिअरला ०.७८ मिलिटेस्ला क्षेत्र मिळतं. म्हणजे १.५ अँपिअरला १.१७ मिलिटेस्ला, आणि २५० व्होल्टवर त्रिज्या सुमारे ४.५६ सेंमी यायला हवी. तुमच्या कॉइलचे वेढे वेगळे असतील तर हा आकडा आधी काढून ठेवा.

किरण जराही वळला नाही, तर दोन कॉइल एकमेकींच्या विरुद्ध जोडल्या गेल्या आहेत आणि मधलं क्षेत्र शून्य झालंय: एका कॉइलच्या वायर उलटा. किरण उलट्या बाजूला काचेवर गेला, तर पूर्ण जोडीच्या वायर उलटा. दिशा डाव्या हाताच्या नियमाने (अंगठा बल, तर्जनी क्षेत्र, मधलं बोट प्रवाह) तपासता येते, पण प्रवाहाचं बोट इलेक्ट्रॉनच्या उलट दिशेला धरायचं. वर्तुळाऐवजी मळसूत्र दिसलं, तर वेगाचा काही भाग क्षेत्राला समांतर आहे. वर्तुळ स्वतःवर मिटेपर्यंत नळी खोबणीत हलकेच फिरवा.

मोजताना मागच्या आरशातलं प्रतिबिंब आणि किरण एका रेषेत आणा, डावी-उजवी दोन्ही बाजू वाचा आणि अंतराचा अर्धा घ्या. किरणाची बाहेरची कड वाचा, मध्य नाही. वायूच्या अणूंवर आदळून ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉन लहान वर्तुळात फिरतात आणि किरण आतल्या बाजूला पसरतो. बाहेरच्या कडेवरच्यांची ऊर्जा जवळपास पूर्ण असते.

एका रीडिंगवर थांबू नका. प्रवाह स्थिर ठेवून १५० ते ३०० व्होल्टपर्यंत रीडिंग घ्या, आणि क्षेत्र-वर्ग गुणिले त्रिज्या-वर्ग आडव्या अक्षावर, व्होल्टेज उभ्या अक्षावर मांडा. रेषेच्या चढाची दुप्पट म्हणजे ई/एम. रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या वर छेदत असेल, तर तेवढे व्होल्ट इलेक्ट्रॉनला मिळालेच नाहीत असं बहुधा समजायचं. चढातून काढलेल्या उत्तरात ही चूक शिरत नाही. एकेका रीडिंगवरून काढलेल्या उत्तरात ती शिरते आणि कमी व्होल्टेजवर जास्त दिसते.