पुण्यात रस्त्यावर सायकल चालवायची तर नियम काय आहेत आणि प्रत्यक्षात काय करायचं

ऑफिसला, क्लासला सायकलने जायचंय पण ट्रॅफिक बघून हिंमत होत नाही असं म्हणणारे पुण्यात खूप भेटतात, म्हणून जे माहिती आहे ते सगळं एकदा नीट लिहून काढतोय. माझं म्हणणं एकच आहे, रस्त्यावर सायकलचा हक्क पूर्ण आहे, पण तुम्ही पुढच्या क्षणी काय करणार हे मागच्या गाडीवाल्याला आधीच कळलं पाहिजे. खाली लिहिलेलं जवळजवळ सगळं त्यातूनच येतं.

आधी कायदा बघू कारण त्यात बराच गोंधळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधे सायकल हे मोटार वाहनच नाही, त्यामुळे लायसन्स, नंबर प्लेट, पीयूसी, इन्शुरन्स यातलं काहीही लागत नाही. दुचाकीवाल्यांना जी हेल्मेटसक्ती आहे ती पण त्या कायद्याने सायकलवाल्याला लागू होत नाही (तरी घाला, त्याबद्दल पुढे लिहिलंय). पण म्हणून आपल्याला कुठलाच नियम नाही असं अजिबात नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ मधे वाहनाची जी व्याख्या आहे त्यात सायकल नाव घेऊन लिहिलेली आहे आणि त्या कायद्याखाली पोलीस रस्त्यावरच्या सगळ्याच वाहतुकीला नियम लावू शकतात, त्यामुळे चौकातल्या हवालदाराने हात दाखवला की सायकलने पण थांबायचं. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणं, त्यात फक्त मोटार असं म्हटलेलंच नाही, कुठलंही वाहन आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही राँग साइडने जोरात येऊन एखाद्या आजींना धडकलात तर सायकल होती हा बचाव चालणार नाही. जुन्या लोकांना विचारा, त्यांच्या काळात सायकलला कराचा बिल्ला असायचा आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचे. बिल्ला गेला, दिव्याची गरज मात्र तेव्हापेक्षा आत्ता जास्त आहे.

इलेक्ट्रिक सायकल घेणाऱ्यांनी एक गोष्ट दुकानदाराला विचारूनच घ्या. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असेल तर साधारणपणे ती मोटार वाहनात धरत नाहीत, त्याच्या वर गेली की रजिस्ट्रेशन, लायसन्स, हेल्मेट सगळं आलं. 'स्पीड अनलॉक करून देतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, कारण अपघात झाला की ती विनानोंदणीची मोटार गाडी ठरू शकते.

कुठे जायचंच नाही ते पण सांगतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सायकल चालत नाही, दुचाकीही चालत नाही, लोणावळ्याला जायचं तर जुना हायवे. कात्रज-देहूरोड बायपासच्या मुख्य रस्त्यावर, त्यातही नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर, सायकल घालू नका. तिथे ब्रेक फेल झालेल्या ट्रकचे किती अपघात झालेत ते पुण्यात सगळ्यांना माहितीये, सर्व्हिस रोड जिथे आहे तिथे तोच घ्या आणि नसेल तर आतल्या रस्त्याने वळसा घालून जा, दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. काही फ्लायओव्हर आणि रस्त्यांवर लाल गोलात सायकलचं चित्र असलेली पाटी असते म्हणजे सायकलला बंदी. निळ्या गोलात पांढरी सायकल असेल तर ती सायकलचीच वाट. वनवे सायकलला पण वनवेच समजा, एफसी रोड आणि जेएम रोड एकमेकांच्या उलट वनवे आहेत म्हणून थोडंसंच अंतर आहे तर कडेकडेने उलटं जाऊ असं वाटतं, पण गल्लीतून बाहेर येणारा माणूस फक्त येणाऱ्या ट्रॅफिककडेच बघत असतो, तुमच्या बाजूला तो मान वळवतच नाही. उतरून फुटपाथवरून हातात सायकल धरून चाला, तेव्हा तुम्ही पादचारी असता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रस्त्यावर नेमकं कुठे चालवायची. डावीकडून हे बरोबर, पण डावीकडून म्हणजे गटाराला चिकटून नाही. नवीन लोक हमखास कडेला चिकटतात कारण तिथे सुरक्षित वाटतं, प्रत्यक्षात तिथे वाळू, काचा, फुटलेले पेव्हर ब्लॉक, खोल गेलेली चेंबरची झाकणं असतात, आणि खड्डा चुकवायला तुम्ही अचानक उजवीकडे येता तेव्हाच मागचा धडकतो. कडेपासून साधारण एक हात, जमलं तर मीटरभर आत, सरळ रेषेत चालवा. पार्क केलेल्या गाड्या असतील तर त्यांच्यापासून पण मीटरभर, कारण कारचं दार कधी उघडेल सांगता येत नाही आणि रिक्षातून तर माणूस थेट उडी मारूनच उतरतो. दोन पार्क गाड्यांच्या मधे जागा दिसली म्हणून आत शिरायचं आणि परत बाहेर यायचं असं करू नका, मागच्याला तुम्ही गायब होऊन एकदम उगवल्यासारखे दिसता. रस्ता इतका अरुंद असेल की कार तुम्हाला सुरक्षितपणे ओलांडूच शकत नाही, पेठांमधे असे भरपूर आहेत, तर तेवढा तुकडा लेनच्या मधोमध चालवा. हॉर्न वाजवतील, वाजवू दे, जागा आली की बाजूला व्हा आणि हात करून जाऊ द्या.

बस. पीएमपीची बस, डंपर, सिमेंटचा मिक्सर, कचऱ्याचा ट्रक, यांच्या डाव्या बाजूला आणि फुटपाथच्या मधे कधीही शिरायचं नाही, सिग्नलला उभी असली तरी नाही, कितीही उशीर झालेला असला तरी नाही. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला असतो, त्याला डावीकडे अगदी जवळचं खाली काही दिसत नाही, आरशात पण नाही. आणि लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेघेवरून जात नाही, आतून कापत येतं, म्हणजे गाडीचं तोंड तुमच्यापासून लांब गेलं म्हणून तुम्ही निश्चिंत होता आणि मागचं चाक फुटपाथला घासत तुमच्या अंगावर येतं. बस स्टॉपवर थांबायला लागली की मागेच थांबा, ती निघू दे. ओव्हरटेक करायचीच असेल तर उजवीकडून, मागे वळून बघून, आणि तिचा उजवा इंडिकेटर चालू नाही ना ते बघून. या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

वळताना हात दाखवा. उजवीकडे जायचं तर उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर, डावीकडे जायचं तर डावा, थांबायचं किंवा हळू व्हायचं असेल तर तळवा खाली करून हात वरखाली. हात दाखवायच्या आधी मागे वळून बघा, आणि हात दाखवून झाल्यावर पुन्हा दोन्ही हात हँडलवर घेऊन मगच वळा. मागे बघताना सायकल बऱ्याच जणांची उजवीकडे जाते, हे सोसायटीच्या आवारात किंवा सकाळी रिकाम्या रस्त्यावर घोटवून घ्या.

विद्यापीठ चौक, स्वारगेटचा जेधे चौक अशा मोठ्या ठिकाणी उजवीकडे वळायचं असेल तर चार लेन कापत मधे जाण्यापेक्षा दोन टप्प्यात जा. म्हणजे डावीकडूनच सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबायचं, सायकल वळवून उभी करायची आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की सरळ निघायचं. एक सिग्नल जास्त लागतो पण डोक्याला ताप नाही. झेब्रावरून जायचं तर उतरून. आणि हिरवा झाल्यावर लगेच सुटू नका, शेवटच्या सेकंदाला लाल तोडून येणारे दोघंतिघं असतातच.

सायकल ट्रॅकबद्दल लोक चिडून बोलतात आणि ते बरोबरच आहे. २००६ पासून बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी लेन असलेल्या, रस्त्यांना ट्रॅक झाले, सातारा रोडला झाले, मग जेएम रोडसारखे रस्ते नव्याने केले तेव्हा झाले, २०१७ मधे महापालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. पण ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात, हातगाड्या असतात, मधेच खांब येतो आणि ट्रॅक संपतो. ट्रॅकवर मोटरसायकल चालवणं नियमाविरुद्ध आहे, तक्रार करा, फोटो काढून पाठवा. मात्र चालवताना ट्रॅक मोकळा असेल तरच वापरा, आणि तो संपून रस्त्यावर उतरायची जागा आली की तिथे वेग कमी करून, मागे बघून उतरा, कारण मागच्या गाडीवाल्याच्या दृष्टीने तुम्ही फुटपाथवरून अचानक आलेले असता. बीआरटीची बसची लेन रिकामी दिसते म्हणून तिच्यात मात्र जाऊ नका, ती फक्त बसची आहे आणि तिथे बसला बाजूला व्हायला जागाच नसते.

अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. रिफ्लेक्टर असतोच म्हणून दिव्याची गरज नाही असं नाही, रिफ्लेक्टर फक्त कोणाचा हेडलाइट त्याच्यावर पडला तरच चमकतो आणि गल्लीतून आडवी येणारी गाडी तुमच्यावर लाइट टाकतच नाही. पुढचा दिवा थोडा खाली झुकवून लावा, समोरच्याच्या डोळ्यात नको. अंगात फिकट रंगाचं काहीतरी, काळं जॅकेट नको. सॅकने मागचा दिवा झाकला जातो, ते घरून निघताना कोणाला तरी मागून बघायला सांगा.

पावसात पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास सगळ्यात वाईट, रस्त्यावरचं ऑइल वर येतं. झेब्राचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, यांच्यावर ब्रेक मारायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, आधीच हळू होऊन सरळ जायचं. लांब फटी असलेली जाळी रस्त्याच्या दिशेने बसवलेली असेल तर बारीक टायर त्यात बसतो, ती आडवी कापा किंवा चुकवा. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली काय आहे कळत नाही. आणि खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला भिडे पूल बंद होतो, तेव्हा आधी बातमी बघून दुसरा पूल धरा.

ब्रेक दोन्ही एकदम, हळूहळू दाबत. फक्त पुढचा करकचून दाबलात तर डोक्यावरून पुढे जाल, फक्त मागचा दाबलात तर ओल्या रस्त्यावर चाक घसरतं. कुठला लिव्हर पुढच्या चाकाचा आहे ते नवीन सायकल घेतल्यावर आधी बघा, सगळ्यांचं सारखं नसतं. रोज निघताना टायर दाबून बघा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून बघा, पायडल उलटं फिरवून चेन बघा. चाकाला आउट आला असेल, म्हणजे फिरवल्यावर चाक डावीकडे उजवीकडे हलत असेल, तर लगेच काढून घ्या.

रविवारी सिंहगड, बोपदेव, दिवे घाट करणाऱ्यांना एवढंच सांगेन की चढताना दमतो आणि उतरताना जीव जातो. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. सिंहगडावर सुट्टीच्या दिवशी जीप, कार, ट्रेकवाले सगळे एकाच अरुंद रस्त्यावर असतात आणि खाली खडकवासला चौपाटीवर कणीस खायला गाड्या कुठेही थांबलेल्या असतात. ग्रुपमधे असाल तर एकामागे एक चालवा, मागून गाडी आली की शेवटच्याने ओरडून सांगायचं.

लहान मुलाला कॅरिअरवर बसवत असाल तर पाय तारांमधे जाणार नाही अशी जाळी आणि पाय ठेवायला जागा हवीच, मुलांचे पाय चाकात जाऊन वाईट जखमा होतात. ओढणी, पदर, रेनकोटची लोंबणारी नाडी, सगळं खोचून घ्या. हँडलला भाजीची पिशवी अडकवू नका, वळताना ती पुढच्या चाकात जाते. कानात हेडफोन नको, मागून येणारी गाडी आपल्याला आधी ऐकू येते, मग दिसते. कुत्री मागे लागली तर जोरात पळवण्यापेक्षा हळू व्हा, गरज पडली तर उतरा आणि सायकल मधे धरा, बहुतेक वेळा ती थांबतात.

आणि गाडीने उडवलंच तर काय करायचं. आधी रस्त्यातून बाजूला व्हा, ११२ किंवा अँब्युलन्ससाठी १०८. गाडीचा नंबर घ्या, फोटो घ्या, बघणाऱ्याचा फोन नंबर घ्या. जागेवर पाचशे रुपये घेऊन मिटवू नका, मुका मार दुसऱ्या दिवशी कळतो, डोक्याचा तर उशिरा पण कळतो. जखमीला हॉस्पिटलमधे पोहोचवायला मदत करणं हे गाडीवाल्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याचा थर्ड पार्टी इन्शुरन्स तुम्हाला लागू होतो, तुम्ही सायकलवर होतात म्हणून नाही असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. पोलीस स्टेशनला नोंद करा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आणली आहे त्यामुळे रेंगाळू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी सरकारी योजनेत गंभीर जखमेला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख मिळतात, २०२२ पासून ही रक्कम आहे, आणि कित्येक घरांना याचा पत्ताच नसतो. २०२५ पासून अपघाताच्या पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना पण आहे, हॉस्पिटलमधे नाव घेऊन विचारा.

बरं झाल्यावर सायकलवर बसायच्या आधी तिचा पुढचा फोर्क आणि फ्रेमचे जोड मेकॅनिककडून बघून घ्या, बारीक चीर असली तर ती उतारावर तुटते. हेल्मेट आपटलं असेल तर वरून धड दिसलं तरी ते पुन्हा वापरू नका, आतला थर्माकोलचा थर एकदाच दबतो आणि तेवढ्यासाठीच तो असतो. ते कोणाला देऊ पण नका, पट्टे कापून टाका म्हणजे दुसरं कोणी उचलून घालणार नाही.