कंत्राटी मनुष्यबळाचे व्यवस्थापन बाहेर सोपवावे का, आणि केव्हा?

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या कारखान्यात एकाच वेळी तीन-चार ठेकेदारांची माणसे काम करताना दिसतात. साफसफाई एकाकडे, उपाहारगृह दुसऱ्याकडे, भरणी-उतरणी तिसऱ्याकडे, आणि हंगामात पॅकिंगसाठी माणसे आणणारा मुकादम आणखी वेगळा. या सर्वांची हजेरी, मजुरी, पीएफची चलने आणि तक्रारी सांभाळताना कार्यालयाची दमछाक होते, आणि हा व्याप एखाद्या व्यवस्थापन संस्थेकडे द्यावा असा विचार पुढे येतो. विचार गैर नाही. मात्र ठेकेदाराने मजुरी थकवल्यास ती मुख्य मालकाने, म्हणजे ज्याच्या आस्थापनेत काम चालते त्याने, चुकती करावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, ही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही कायम आहे. मध्ये संस्था आली म्हणून हे दायित्व टळत नाही. त्यामुळे संस्थेचे काम तपासू शकेल असा माणूस आपल्याकडे आहे का, हा प्रश्न आधी विचारावा आणि खर्चाचा हिशेब त्यानंतर मांडावा.

मागील १२ महिन्यांचा तक्ता करावा

प्रत्येक महिन्यात किती माणसे होती, कोणामार्फत आली, कोणते काम करत होती आणि कोणत्या दराने, हे एका तक्त्यात लिहून काढावे. त्यासाठी ठेकेदारांची बिले, मस्टर (हजेरीपट) आणि फाटकावरील नोंदवही ही तिन्ही समोर ठेवावीत. तिन्हींचे आकडे जुळले नाहीत तर फाटकावरच्या वहीवर अधिक विश्वास ठेवावा, कारण ती बिल काढण्यासाठी लिहिलेली नसते.

या तक्त्यातून संख्येची चढउतार कळते. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) कापसाची आवक सुरू झाली की माणसे वाढतात. अंबिया बहाराच्या संत्र्यांच्या छाटणी-पॅकिंगला ठरावीक महिनेच माणसे लागतात. डिसेंबरातील हिवाळी अधिवेशनाच्या काळात हॉटेले आणि केटरिंगवाले जादा हात शोधतात. अशा चढउतारात भरती, ओळखपत्रे, नोंदणी आणि हिशेब पूर्ण करण्याची घाई दरवर्षी होते, आणि तेथे बाहेरच्या संस्थेचा खरा उपयोग असतो.

याउलट माणसांची संख्या वर्षभर जवळपास सारखीच असेल आणि तीच माणसे वर्षानुवर्षे तेच काम करत असतील, तर प्रश्न व्यवस्थापनाचा नसून नेमणुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले की, कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत; परंतु कंत्राट हा केवळ देखावा असल्याचे सिद्ध झाले, तर ते मुख्य मालकाचेच कामगार ठरतात. असा देखावा आधीच उभा असेल तर व्यवस्थापन संस्था नेमून तो अधिक महाग होतो, इतकेच. अशा ठिकाणी थेट किंवा ठरावीक मुदतीची नेमणूक हा मार्ग आधी तपासावा. नव्या संहितांनुसार मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच लाभ द्यावे लागतात आणि एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, हे खर्चात धरावे.

कायद्याच्या दृष्टीने कामे वेगळी काढावीत

या संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेतील कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि ते आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई करते. त्याला अपवाद आहेत: ते काम रिवाजाने ठेकेदारामार्फतच होत असेल, किंवा कामाचा बोजा अचानक वाढून ते ठरलेल्या मुदतीत उरकायचे असेल, तर मनाई लागू होत नाही. साफसफाई, पहारा, उपाहारगृह आणि भरणी-उतरणी ही कामे सामान्यतः मुख्य कामांत मोडत नाहीत. मात्र हमाली आणि सुरक्षारक्षक यांच्यासाठी महाराष्ट्राचे अनुक्रमे १९६९ आणि १९८१ चे स्वतंत्र कायदे आहेत, त्यामुळे ही दोन कामे सरसकट कराराच्या एकाच गाठोड्यात बांधू नयेत.

खर्च मांडताना जीएसटी विसरू नये

संस्थेचे सेवाशुल्क बिलात ठळक दिसते. जीएसटीचा परिणाम पुष्कळदा नंतर लक्षात येतो. मनुष्यबळ पुरवठ्यावरील १८ टक्के कर सर्वसाधारणपणे मजुरी आणि पीएफसारख्या वर्गण्या धरून संपूर्ण बिलावर लागतो. समजा महिन्याचे बिल १० लाख रुपये आहे, तर कर १ लाख ८० हजार होतो. ज्याच्या मालावर जीएसटी लागतो, त्या कारखान्याला हा कर बहुधा वळता करून घेता येतो, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. नागपुरातील धंतोली किंवा रामदासपेठेतील रुग्णालयाची उपचारसेवा करमुक्त असल्याने त्याला तो वळता होत नाही आणि खर्चातच जमा होतो. पूर्वी थेट पगारावर असलेली माणसे पुरवठादार संस्थेच्या नावावर गेली, तर हा बोजा नव्याने निर्माण होतो. रुग्णालये आणि शाळांच्या बाबतीत केवळ या एका कारणाने निर्णय फिरू शकतो.

दुसऱ्या बाजूला आपल्या कार्यालयाचा वेळ मोजावा. पीएफ आणि ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) वर्गण्या पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायच्या असतात. त्यापूर्वीचे काही दिवस लेखा विभाग केवळ ठेकेदारांच्या मागे चलने मागत फिरत असेल आणि तरीही यादीतील नावे मस्टरशी ताडून पाहिली जात नसतील, तर व्याप हाताबाहेर गेला असे समजावे. एकाच कामाला तीन ठेकेदार तीन दर लावत असतील, किंवा कामाची ठिकाणे बुटीबोरी, नागपूर विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प आणि अमरावती अशी विखुरलेली असतील, तर बाहेर सोपवण्याची बाजू बळकट होते. दोनच ठेकेदार आणि तीसेक माणसे असतील, तर एक जाणता टाइमकीपर नेमणे बहुतेक वेळा स्वस्त आणि बरे पडते.

सोपवायचे ठरल्यास

ठेकेदारांवर देखरेख ठेवणारी संस्था स्वतःच तेथे माणसे पुरवणारी नसावी. स्वतःची बिले स्वतः तपासणाऱ्याकडून कठोरपणाची अपेक्षा धरता येत नाही. निवड करण्यापूर्वी तिच्या सध्याच्या एखाद्या ग्राहकाकडील तीन महिन्यांची चलने कामगारनिहाय यादीसह दाखवण्यास सांगावे. व्यक्तिगत तपशील झाकलेले असले तरी चालेल, परंतु माणसांची संख्या मस्टरशी जुळली पाहिजे. टाळाटाळ झाली तर पुढे बोलू नये.

माणसे किती घ्यायची, दर काय द्यायचा, सुरक्षेचे नियम आणि कामगारांच्या तक्रारी हे विषय मात्र आपल्याकडेच ठेवावेत. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली पाळी किती वेळाची असावी, हे दुसऱ्या शहरातील कार्यालयातून ठरता कामा नये.

करारात तीन गोष्टी नेमक्या शब्दांत लिहाव्यात. मजुरी पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत कामगाराच्या खात्यात पोहोचावी. आधीच्या महिन्याची चलने जोडल्याशिवाय सेवाशुल्क मिळणार नाही. आणि करार संपताच हजेरी व वेतनाच्या सर्व नोंदी वापरता येतील अशा स्वरूपात परत मिळतील. सुरुवात एका ठिकाणापासून आणि एका हंगामापुरती करावी. कराराची मुदत जुलै किंवा ऑगस्टमध्ये संपेल अशी ठेवावी, म्हणजे दिवाळीनंतरची गर्दी सुरू होण्याआधी संस्था बदलायला किंवा काम परत आपल्याकडे घ्यायला दोन-तीन महिने हाती राहतात.