लांबच्या प्रवासासाठी जुनी मोटरसायकल घेताना

गाडी बघायला जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा, इंजिन थंड राहू द्या. गरम इंजिन सहज सुरू होतं आणि दुखणं झाकून जातं. आधी इंजिनाला हात लावून बघा, मगच स्टार्ट करा. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. अशी गाडी सोडूनच द्या.

मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलावा लागेल. नुसती चेन घातलीत तर झिजलेले दात तीही खातात.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेला.

टायरची नक्षी खोल असली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे टायर 2019 च्या 23व्या आठवड्यात बनलेला.

मल्टीमीटर जरूर न्या. तीन-चार हजार आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. कमी आले तर स्टेटर (वीज बनवणारी कॉइल) किंवा रेग्युलेटरवर (व्होल्टेज आवरणारा भाग) संशय घ्या. चार्जिंग बंद पडलेली गाडी हेडलाइट लावून फार दूर जात नाही.