कचऱ्याचे केंद्र शोधून देणाऱ्या वेब अ‍ॅपचा वापर सोपा कसा करावा

घरात साठलेली रद्दी, बंद पडलेला मोबाइल किंवा संपलेले सेल घेऊन बसलेल्या नाशिककराला एवढेच विचारायचे असते की, हे कोठे द्यायचे? बरीच अ‍ॅप मात्र त्याला आधी नोंदणी, मग ओटीपी, मग लोकेशनची परवानगी आणि शेवटी खुणांनी भरलेला नकाशा अशा क्रमाने फिरवतात.

प्रथम अ‍ॅपच्या सध्याच्या सर्व पडद्यांची (स्क्रीनची) कागदावर क्रमाने नोंद करावी आणि प्रत्येकापुढे वापरणारा तेथे नेमके काय ठरवतो ते लिहावे. ज्या पडद्यावर काहीच ठरत नाही, तो काढून टाकावा. घरून वस्तू उचलून नेण्याची सोय असेल, तर नाव आणि फोन नंबर त्या टप्प्यावरच मागावा.

त्यानंतर पहिला प्रश्न जागेचा न ठेवता वस्तूचा ठेवावा. यादीत ‘पॉलिमर’, ‘मिश्र प्लास्टिक’ असे शब्द नकोत; दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, काचेच्या बाटल्या, चार्जर असे घरातले शब्द असावेत, आणि रोमन लिपीत टाइप केलेले मराठीही शोधाला कळावे.

खरी सुटसुटीतता येते ती येथे, कारण अनेक वस्तूंसाठी लोकेशन लागतच नाही. ओला कचरा निवडला, तर ‘वेगळा ठेवून घंटागाडीत द्या’ हेच पूर्ण उत्तर आहे. रद्दी बहुतेक जण ओळखीच्या रद्दीवाल्यालाच देतात, त्यामुळे तेथे नकाशा आपणहून उघडू नये. ई-कचऱ्याचे तसे नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार त्याचे पुनर्चक्रण करणाऱ्याची नोंदणी आवश्यक असल्यामुळे, त्या वस्तूंसाठी नोंदणीकृत व्यवस्थेशी जोडलेलीच संकलन केंद्रे दाखवावीत.

लोकेशनची परवानगी पान उघडताच न मागता ‘जवळचे केंद्र दाखवा’ हे बटण दाबल्यावरच मागावी. एकदा नकार मिळाला की ब्राउझर सहसा पुन्हा विचारू देत नाही, म्हणून त्याच बटणाखाली भाग किंवा पिनकोड निवडण्याची सोय असावी; त्यात ‘सिडको’ आणि ‘नवीन नाशिक’ ही दोन्ही नावे एकाच भागाकडे नेणारी हवीत. लोकेशनसाठी वेळेची मर्यादाही कोडमध्ये स्वतः घालावी लागते, कारण मुळात ती नसते आणि गोल फिरणारे चिन्ह पाहत माणूस ताटकळत राहतो.

अंतर सरळ रेषेत मोजण्याचा मोह टाळावा. पंचवटीतून गोदावरीपलीकडचे केंद्र नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते, पण जायचे पुलावरूनच असते, आणि पूर आला की त्यातला रामसेतू पूल पाण्याखाली जातो. सिडको आणि इंदिरानगर यांच्यामध्ये महामार्ग आहे, त्यामुळे तेथेही रस्त्याचे अंतरच धरावे. निकालात तीनच केंद्रे यादीने द्यावीत. प्रत्येकासमोर वेळ, फोन आणि तेथे काय घेतले जात नाही हे लिहावे. नकाशा एका बटणामागे असला तरी चालतो.

शेवटी हे अ‍ॅप कधीही न पाहिलेल्या शेजारच्या काकूंच्या हाती फोन द्यावा, ‘जुना मिक्सर कोठे द्यायचा ते शोधा’ एवढेच सांगावे आणि नंतर अजिबात बोलू नये. त्यांचे बोट जेथे थांबेल, तो पडदा आधी दुरुस्त करावा.