जुन्या सायकलचा क्रँक काढायचाय? आधी मोजा, मग अवजार घ्या

पडवीत वर्षानुवर्षं भिंतीला टेकून राहिलेल्या सायकलचा क्रँक, म्हणजे पायडल धरणारा दांडा, गोव्यात सुखासुखी सुटत नाही. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सांध्यात गंज धरतो, आणि गंज फुगला की सांधा जागचा हलत नाही. म्हणून जोर लावायच्या आधी सांधा कोणत्या जातीचा आहे ते पाहा. अवजार त्यावरच ठरतं.

क्रँकच्या डोळ्यातून, म्हणजे मधला दांडा (एक्सल) बसतो त्या टोकातून, आडवी पिन गेलेली असेल आणि तिच्या एका टोकाला छोटा नट असेल, तर ती कॉटर पिन. पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, पावाच्या टोपलीखाली असते तशा बहुतेक काळ्या दणकट सायकलींना हीच असते. पिन नसेल आणि एक्सलच्या टोकावर टोपी किंवा बोल्ट दिसत असेल, तर तो कॉटरलेस. दोन्ही क्रँक मिळून एकच वाकवलेली सळी असेल, तर तो वन-पीस. त्याला पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं अवजार, लागतच नाही. डावं पायडल काढायचं, डाव्या बाजूचा मोठा नट उलट्या आट्यांचा असल्यामुळे घड्याळाच्या दिशेने फिरवायचा आणि अख्खा क्रँक उजवीकडून ओढून घ्यायचा.

कॉटर काढताना सगळ्यात जास्त नुकसान हातोडीने होतं. क्रँकला खालून आधार न देता ठोकलं की घाव एक्सलमार्गे बेअरिंगच्या छर्‍यांवर बसतो आणि छरे फिरतात त्या कपात खड्डे पडतात. शिवाय हलक्या हाताने वीस घाव घातले की पिनचं आट्यांचं टोक चेपून जाड होतं. मग ती भोकातून जाईलच कशी? म्हणून पिन ठोकण्यापेक्षा दाबून काढणं केव्हाही चांगलं. पिन दाबून काढायचा खास कॉटर प्रेस मिळाला तर उत्तम, नाहीतर मजबूत जी-क्लॅम्प आणि पिनच्या जाड टोकाभोवती मोकळा बसेल असा सॉकेट घ्या. सॉकेट जाड टोकाच्या बाजूने क्रँकवर टेकवायचा, क्लॅम्पचा स्क्रू आट्यांच्या टोकावर. पिन सरकून सॉकेटच्या पोकळीत येते. आदल्या रात्री दोन्ही टोकांना डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. क्लॅम्प करकचून आवळल्यावरही पिन हलली नाही, तर ताण तसाच ठेवून क्रँकच्या डोळ्यावर बाजूने एक टोला द्या. पुष्कळदा तेवढ्यानेच ‘टक्’ असा आवाज येतो आणि पिन सुटते.

हातोडीच वापरायची असेल तर अर्ध्या इंची जीआय पाइपचा तुकडा कापा. क्रँक आडवा धरून, पिनचं जाड टोक खाली करून, क्रँकच्या तळापासून फरशीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि पाइप त्याहून किंचित लांब ठेवून पिनच्या जाड टोकाभोवती क्रँकखाली उभा करायचा. चाक नखभर उचललेलं राहिलं म्हणजे घाव छर्‍यांऐवजी पाइपमधून थेट जमिनीत जातो. नट आट्यांच्या टोकाशी सपाट येईल इतका सैल करून ठेवा, त्यावर पितळेचा तुकडा धरा आणि एक किलोच्या हातोडीने एकच भरीव घाव घाला. पिन हलल्यावर नट काढून टाका. टोक तुटलंच तर ते कानशीने सपाट करा, मधोमध पंच मारा आणि आधी 3, मग 6 मिलिमीटरच्या ड्रिलने पिन पोकळ करून बाहेर ढकला. ड्रिल याहून मोठं नेलं तर क्रँकचं भोक जाईल.

काढलेली पिन परत बसवू नका. नवी घेताना जुनीचा व्यास वर्नियरने मोजा. आपल्याकडच्या दणकट सायकलींना बहुधा 9.5 मिलिमीटरची लागते, फ्रेंच-इटालियन सायकलींना त्याहून बारीकही असते. दोन्ही पिना उलटसुलट बसल्या तर क्रँक एका रेषेत येत नाहीत. ज्या बाजूचा क्रँक वर आणाल, त्याचा नट दर वेळी एकाच दिशेला, पुढे किंवा मागे, दिसला पाहिजे.

कॉटरलेसला प्रश्न आट्यांचा. बहुतेक क्रँकना 22 मिलिमीटरचा पुलर चालतो, पण टीए या फ्रेंच कंपनीच्या क्रँकचे आटे 23 आणि जुन्या स्ट्राँगलाइट या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचे 23.35 मिलिमीटर असतात. टोपी काढून क्रँकच्या आट्यांचा आतला व्यास मोजा: 21 च्या आसपास आला तर 22 चा पुलर, 22 किंवा थोडा जास्त आला तर थांबा. अशा क्रँकमध्ये 22 चा पुलर ढिला बसतो आणि जोर लावताच आटे ओरबाडून निघतात. योग्य पुलर मिळत नसेल तर सायकल घेऊन कुंडई किंवा वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडे जा आणि मापाचा पुलर करून घ्या. क्रँक खराब करण्यापेक्षा हा खर्च परवडतो.

बोल्टचं डोकं जपानी सायकलींना बहुधा 14, इटालियन कॅम्पाग्नोलोला 15, जुन्या स्ट्राँगलाइटला 16 मिलिमीटर. पायडलसारखे उलटे आटे इथे नाहीत, दोन्ही बाजू नेहमीसारख्याच सुटतात. बोल्टसोबत वॉशरही काढा, तो आत राहिला तर पुलरचा दांडा एक्सलऐवजी त्यावर टेकतो. आटे टूथब्रशने रॉकेल लावून घासा, पुलरचा दांडा पूर्ण मागे घ्या आणि पुलरची आट्यांची बाहेरची बॉडी क्रँकमध्ये हातानेच शेवटपर्यंत फिरवा. दोन फेऱ्यांतच अडकली तर तिरकी लागली आहे, काढून पुन्हा लावा. ऑक्टालिंक या खाचांच्या पोकळ एक्सलसाठीचा जाड टोकाचा पुलर इथे नको. त्याचं टोक क्रँकच्या चौकोनी भोकात जात नाही, क्रँकलाच दाबतं.

आटे गेलेच असतील तर गॅरेजवाल्याकडचा तीन नखांचा बेअरिंग पुलर लावून पाहा. नखं क्रँकच्या डोळ्यामागे धरायची, चेनव्हीलच्या (चेन बसते त्या चक्राच्या) दातांना नाही.