एका कुर्त्याचा माग: लहान कपडे व्यवसायाने आपली पुरवठा साखळी कशी तपासावी

नाशिकहून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या पेटीवरून माल कुठल्या नोंदणीकृत बागेतला आहे ते शोधता येतं. केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेची, म्हणजे अपेडाची, ग्रेपनेट ही नोंदणी पद्धत त्यासाठीच आहे. २०१० साली द्राक्षांत सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपात माल अडकला. ती झळ सोसलेल्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला कागद का जपायचे, हे सांगावं लागत नाही. त्याच जिल्ह्यात कुर्ते शिवून विकणाऱ्या आमच्यासारख्यांना मात्र ‘हे कापड कुठे रंगलं?’ असं विचारलं, की आम्ही व्यापाऱ्याचं नाव सांगतो आणि तिथेच थांबतो. मी नाशिकमध्ये सुती कुर्त्यांचा छोटा व्यवसाय चालवते. आपल्याएवढ्या लहान माणसालाही एक-दोन पायऱ्या मागे जाता येतं, आणि जायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

सगळा माल एकदम तपासायला घेऊ नका. सर्वांत जास्त खपणारा एकच कुर्ता निवडा आणि त्याच्या कापडाचं बिल काढा. व्यापाऱ्याला तीनच गोष्टी विचारा: ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड कुणाकडे विणलं, रंगाई कुठे झाली, सूत कुठल्या गिरणीचं. पहिलं उत्तर बहुधा असं येतं, “ताई, माल चांगला आहे ना, मग कशाला एवढं?” यावर चिडू नका. तुम्ही त्याला डावलून थेट मागवाल, ही त्याची भीती असते आणि ती खरी असते. म्हणून आधी लेखी द्या की वर्षभर या जातीचं कापड तुमच्यामार्फतच घेऊ. एवढ्यावर बरीच तोंडं उघडतात.

तोंडी उत्तरावर थांबू नका, कागद मागा. रंगाईसाठी ग्रे परराज्यात जॉबवर्कवर गेलं असेल, तर रक्कम कितीही लहान असो, ई-वे बिल, म्हणजे जीएसटीतला माल वाहतुकीचा कागद, लागतंच. त्यावर माल कुठून निघाला आणि कुठे पोचला हे छापलेलं असतं. मालासोबतचं चलान आणि ई-वे बिल शेजारी ठेवलं, की पुष्कळदा नकाशा आपोआप तयार होतो.

आपल्या जिल्ह्यात हा नकाशा बहुतेक वेळा मालेगावातून जातो. एकदा स्वतः जा, फक्त शुक्रवार टाळा, त्या दिवशी यंत्रमाग बंद असतात. आत शिरलात की खडखडाटात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. त्याच आवाजात बारा-बारा तासांच्या पाळीत एक कारागीर अनेक माग सांभाळतो आणि मजुरी मीटरवर ठरते. मालकाला विचारा: मीटरला दर काय, डाग पडला तर मजुरी कापता का, आवाजापासून कान वाचवायला काही देता का. मग साइझिंगवाल्याकडे जा, जिथे ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावतात, आणि बॉयलरजवळ काय रचून ठेवलंय ते बघा. लाकूड, कोळसा, की प्लास्टिकचा कचरा? प्लास्टिक दिसलं तर त्या साइझिंगचा ताणा नको, असं विणणाऱ्याला स्पष्ट सांगा. तो धूर आसपासच्या वस्तीतली माणसं श्वासात घेतात.

आता रंगाई. पर्यावरणाचं सर्वांत मोठं नुकसान माझ्या मते इथेच होतं, म्हणून इथे वेळ द्या. मालेगावचं बरंचसं ग्रे राजस्थानात पाली आणि बालोत्र्याला जातं. पालीची बांडी आणि बालोत्र्याची लुणी या नद्यांनी रंगाईच्या पाण्याचं काय सोसलंय, ते तिथल्या शेतकऱ्यांनी न्यायालयापर्यंत नेलं आहे. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग लावताना मीठ भरपूर लागतं. रंग कापडात बसतो, पण सगळा नाही. उरलेला रंग आणि जवळजवळ सगळं मीठ पाण्याबरोबर बाहेर येतं. साध्या शुद्धीकरणात रंग निघतो, पाणी स्वच्छ दिसतं, मीठ मात्र तसंच राहतं. ते काढायला आरओ आणि त्यापुढे बाष्पीभवन लागतं, आणि तिथेच खर्च वाढतो. तिरुपूरजवळच्या नोय्यल नदीकाठच्या शेतीचं याच खाऱ्या पाण्याने नुकसान झालं. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायचा आदेश दिला.

म्हणून रंगाईवाल्याकडे गेल्यावर पाणी साफ दिसतंय का यावर समाधान मानू नका. द्राक्षबागेत ठिबकचं पाणी तपासायला जो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) वापरतात तो खिशात टाका. कारखान्यात येणारं पाणी आणि बाहेर पडणारं पाणी, दोन्ही मोजा. आकडा कितीतरी पटींनी वाढलेला दिसला तर मीठ कुठे जातंय ते विचारा. मग तीन कागद मागा. पहिला, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. त्यावर मुदत, रोजचं उत्पादन आणि सांडपाण्याची मर्यादा लिहिलेली असते. मर्यादेपेक्षा दुप्पट कापड रोज बाहेर पडत असेल, तर उरलेलं पाणी कुठेतरी जातंयच. दुसरा, सामायिक शुद्धीकरण केंद्राचं सदस्यत्व आणि ताजं बिल. तिसरा सहसा कुणी मागत नाही: गाळ कुठे पाठवला त्याची पावती. शुद्धीकरण खरोखर चालू असेल तर गाळ निघतोच, आणि तो घातक कचरा म्हणून ठरलेल्या ठिकाणी पाठवावा लागतो. महिनोन्महिने गाळच नाही, याचा अर्थ यंत्रणा फक्त पाहुण्यांसाठी सुरू होते.

शिलाईचं युनिट नाशिकच्याच अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत असेल तर सबब चालणार नाही, ते हाकेच्या अंतरावर आहे. सुट्टीच्या वेळेला जा, कुणी किती वाजता बाहेर पडतं ते दिसेल. हजेरीपत्रक आणि पगारपत्रक शेजारी ठेवून बघा. जादा तासांना दुप्पट दर कायद्याने आहे. दहा माणसांपासून ईएसआय (कामगार विमा) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, वीस माणसांपासून पीएफ. जिन्यात कापडाचे तागे रचलेत का, मागचं दार आतून लगेच उघडतं का, हे स्वतः उघडून बघा. कुलपाची किल्ली कुणाकडे तरी आहे, हे उत्तर मान्य करू नका.

हे माझं उगाच भय नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही शिलाई कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, पण शिलाई कामगारांना कामावर बोलावलं गेलं. त्याआधी सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीच्या अली एंटरप्रायझेसमध्ये आग लागून अडीचशेहून जास्त कामगार मेले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए ८००० हे कामगार-हिताचं प्रमाणपत्र मिळालं होतं.

काज-बटण, धागे कापणं, हातभरत ही कामं घरोघरी जातात आणि कुठल्याच पत्रकात दिसत नाहीत. तिथला दर तपासायची सोपी रीत आहे. ताईंच्या शेजारी बसा, त्यांच्या नेहमीच्या वेगाने दहा नग करू द्या, घड्याळ लावा. त्यावरून आठ तासांचे किती नग आणि किती रुपये होतात ते काढा, आणि चालू किमान वेतनाच्या दराशी ताडून बघा. सुई ओवायला किंवा धागा भरायला लागणारा वेळही धरा. रक्कम कमी पडली तर नगाचा दर वाढवा, मधल्या माणसाने दर पोचवला का तेही विचारा. शाळेच्या वेळेत घरातली पोरं कामाला बसलेली दिसली तर त्या घरी नग वाढवू नका, दर वाढवा.

कापसापर्यंत पोचणं सर्वांत अवघड. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढताना, अनेक शेतकऱ्यांचा कापूस एकत्र होतो, गाठ बांधल्यावर शेत ओळखू येत नाही. तरी विषय सोडून देऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तो कापूस कुणाच्या तरी अंगावर कापड होऊन आलाच आहे. सेंद्रिय म्हणून कापड घ्यायचं तर जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचं नुसतं कंपनीचं प्रमाणपत्र बघू नका, तुमच्या लॉटचं व्यवहार प्रमाणपत्र मागा. ‘ऑरगॅनिक’ लिहायला ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, ७० टक्क्यांवर ‘मेड विथ ऑरगॅनिक’ एवढंच. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे प्रमाणपत्र कापडात घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेबाहेर नाहीत एवढंच सांगतं, मजुरीबद्दल काही नाही.

एवढं सगळं दुसऱ्यांना विचारल्यावर आपली ऑर्डर वही उघडा. दिवाळीच्या तीन आठवडे आधी रंग बदलून मागितला, तर रात्रपाळी आपणच लावलेली असते. पैसे अडवले तर युनिटवाला पगार अडवतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मी अर्धी रक्कम कटिंगच्या वेळी देते, आणि नमुना मंजूर झाल्यावर डिझाइनला हात लावत नाही. दर ठरवताना आधी मजुरी लिहिते, मग घासाघीस करायची ती उरलेल्यात.

शेवटी टॅग. ‘इको-फ्रेंडली’, ‘पृथ्वीप्रेमी’ असले शब्द नकोत. २०२४ पासून पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. ज्याचा कागद फाइलमध्ये आहे तेवढंच छापा. माझ्या एका कुर्त्यावर असं आहे: “विणकाम मालेगाव. रंगाई पाली. शिलाई अंबड, नाशिक. कापूस कुठला ते अजून कळलेलं नाही.” शेवटची ओळ वाचून गिऱ्हाईक बिचकेल, असं मला काहींनी सांगितलं. उलट लोक थांबून त्याबद्दलच विचारतात. लॉट बदलला की मजकूर बदलतो, म्हणून टॅग थोडेथोडेच छापून घ्या आणि प्रत्येकावर लॉट नंबर टाका.