घरामागच्या दहा गुंठ्यांत काय येईल? आधी खड्डा घ्या

पहिला पाऊस पडला की लोक रोपवाटिकेत जातात, आवडलं ते रोप उचलतात आणि मग घरी येऊन जागा शोधतात. मराठवाड्यात ही रीत महागात पडते. रोपं पुढच्या जूनमध्ये आणा, यंदाचं वर्ष जमीन ओळखण्यात घालवा.

गावात एक चक्कर मारा. कुणी पाणी घालत नाही, तरी पंधरा-वीस वर्षं उभी आहेत आणि फळतात, अशी झाडं बघा. बहुतेक ठिकाणी चिंच, बोर, कवठ, सीताफळ दिसेल. फणस, सुपारी, काजू यांचा नाद सोडा. मे महिन्यातली चाळीस अंशांच्या वरची कोरडी झळ त्यांना मानवत नाही.

आता खड्डा. टिकाव-पहार घेऊन तीन फूट खोल खणा. एक उंचवट्यावर, एक सखल कोपऱ्यात, दोन तरी हवेतच. वरची काळी माती सगळीकडे सारखी दिसते, पण खाली कुठे फुटावर मुरूम लागतो, कुठे दोन फुटांवर पांढरट चुनखडीचा थर, तर कुठे तळापर्यंत चिकट काळी.

मी फसलो ते इथेच. मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओतलं, दहा मिनिटांत गडप झालं. निचरा उत्तम आहे असं समजून त्या कोपऱ्यात मोसंबीची चौदा झाडं लावली. शेजारच्या जालना जिल्ह्याची मोसंबी नावाजलेली, मग आपल्याकडे का येऊ नये, असा माझा हिशेब. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात पाऊस लागून राहिला आणि बुंध्याशी आठ दिवस पाणी तुंबलं. पाठोपाठ डिंक्या आला, खोडातून डिंक गळू लागला. नऊ झाडं गेली.

चूक पाण्यात नव्हती, वेळेत होती. काळी माती वाळली की आकसते आणि तिला हात-हातभर भेगा पडतात. उन्हाळ्यात ओतलेलं पाणी त्या भेगांतून पळतं. तीच माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याची वाट बंद होते. म्हणून मे महिन्यातल्या परीक्षेवर अजिबात विसंबू नका. चांगला पाऊस होऊन जमीन भिजल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, उघडीप बघून तोच खड्डा काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी उरलेलं असेल, तर तिथे मोसंबी, लिंबू, पपई, शेवगा, सीताफळ यांपैकी काहीही लावू नका. खड्डा दसऱ्यापर्यंत उघडा ठेवावा लागतो, तेव्हा भोवती बाभळीच्या फांद्या लावा. लेकरं आणि वासरं पडतात.

‘खड्ड्यात शेणखत आणि गाळाची माती भरा, काहीही येतं’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. घट्ट जमिनीत भुसभुशीत मातीने भरलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो. झाड दोन वर्षं जोमात दिसतं, मग मुळं खड्ड्याच्या भिंतीला अडतात आणि वाढ थांबते.

चुनखडीची परीक्षा घरी होते. प्रत्येक फुटावरचं ढेकूळ वेगळं घ्या, आधी पाण्याने भिजवून आतली हवा जाऊ द्या (नाहीतर साध्या हवेचे बुडबुडे चुन्याचे वाटतात) आणि मग त्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. किती आहे ते प्रयोगशाळेत कळेल. नमुनेही फुटाफुटाचे वेगळे द्या, एकत्र कालवू नका, आणि सामू (पीएच) व क्षारांसोबत मुक्त चुना तपासायला सांगा. तो दहा टक्क्यांच्या वर असेल तर लिंबूवर्गीय झाडं नकोत. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक बुंध्याशी हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) टाकतात. चुनखडीत तो तिथेच अडकतो. फवारला तर थोडे दिवस हिरवेपणा येतो, एवढंच.

बोअरचं पाणीही त्याच फेरीत तपासून घ्या.

एवढं कळलं की निवड सोपी होते. उथळ मुरमाड जागेत सीताफळ, बोर, आवळा. बीडची सीताफळं वाढली ती अशाच डोंगराळ, हलक्या जमिनीत. चुना जास्त पण निचरा चांगला असेल तर डाळिंब. खोल आणि निचऱ्याच्या जागेत केसर आंबा. पाणी थांबतं तिथे जांभूळ, थोडं उंच वाफ्यावर पेरू. पावसाळी भाजीला गवार, भेंडी, चवळी, अंबाडी, दोडका. टोमॅटो थंडीत घ्या, भर उन्हाळ्यात फुलं गळतात.

पहिल्या वर्षी एका जातीची दोनच रोपं लावा, एक उंचवट्यावर आणि एक सखलात. दुसऱ्या भाद्रपदात दोन्हींची पानं शेजारी ठेवून बघा आणि बाकीची रोपं त्यानंतरच आणा.